युनायटेड वर की लिव्हरपूल? आधी गुण मांडा, क्रम मागाहून

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मँचेस्टर युनायटेडचा, माझा मेहुणा लिव्हरपूलचा. दर ऑगस्टमध्ये आम्ही कागदावर लिहून ठेवतो, इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगमध्ये यंदा दोघांपैकी वर कोण राहणार. हरेल त्याने दोन्ही घरांना जेवायला न्यायचं. २०२१-२२ पासूनच्या चार हंगामांत मी एकदाच बरोबर आलो. सामने मी त्याच्यापेक्षा जास्त बघतो, खेळाडूंची माहिती मला जास्त आहे. मग चुकतं कुठे? असं ओळखायची काही रीत आहे का?"

रीत आहे. ती वापरूनही तुम्ही काही वेळा चुकाल, पण किती वेळा चुकाल हे तुम्हाला आधी सांगता येईल. माझ्या मते या कामात मिळवण्यासारखं तेवढंच आहे, आणि ते थोडं नाही.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून "यंदा पाटाकडील की शिवाजी?" हा वाद ऐकत वाढलो. पेठेतल्या माणसाला आपल्या तालमीच्या संघाबद्दल सगळं ठाऊक असतं. कोणाचा गुडघा दुखतोय, कोण सरावाला येत नाही, इथपर्यंत. तरी हंगामाचा अंदाज विचारला की तो आपल्याच संघाचं नाव घेतो. त्यात त्याचं प्रेम असतं, आणि प्रेमात काही चूक नाही. पुढे मी संख्याशास्त्र शिकलो, आता कॉलेजात शिकवतो, आणि गेली सोळा वर्षं दर ऑगस्टला प्रीमियर लीगच्या वीसही संघांचा अंदाज तारीख घालून वहीत लिहितो. मे महिन्यात तो तपासतो. खाली जे सांगतोय ते त्या वहीतून आलेलं आहे.

तुम्ही स्वतःला विचारता, "दोघांत चांगला संघ कोणता?" गुणतालिका मात्र वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते: ३८ सामन्यांत जास्त गुण कोणी जमवले? या ३८ पैकी हे दोन संघ एकमेकांशी फक्त दोनदा खेळतात. उरलेले ३६ सामने बर्नली, ब्रेंटफर्ड, एव्हर्टन, फुलहॅम यांच्याशी. आपण चाहते मनात सतत ते दोनच सामने खेळवत असतो. आर्सेनल आणि टॉटनहॅमचा २०१५-१६ चा हंगाम आठवा. दोन्ही डर्बी, म्हणजे या शेजारी वैऱ्यांचे आपसातले सामने, बरोबरीत सुटल्या, १–१ आणि २–२. शेवटच्या दिवशी टॉटनहॅम आधीच खालच्या विभागात गेलेल्या न्यूकॅसलकडून ५–१ ने हरलं, आर्सेनलने ॲस्टन व्हिलाला ४–० ने हरवलं, आणि आर्सेनल ७१, टॉटनहॅम ७० असा निकाल लागला. एका गुणाचा फरक, आणि तो पडला अशा दोन संघांसमोर, ज्यांचा या वैराशी काही संबंध नव्हता.

उलट उदाहरणही सांगायला हवं. २०१८-१९ मध्ये मँचेस्टर सिटीचे ९८ गुण झाले आणि लिव्हरपूलचे ९७. लिव्हरपूल पूर्ण हंगामात एकच सामना हरलं, तो ३ जानेवारी २०१९ ला सिटीच्या मैदानावर, २–१ ने. त्या सामन्यात जॉन स्टोन्सने गोलरेषेवरून चेंडू परतवला तेव्हा तो पूर्ण आत जायला सव्वा सेंटिमीटरसुद्धा उरलं नव्हतं. तो सामना बरोबरीत सुटला असता तर लिव्हरपूल ९८ आणि सिटी ९६. म्हणजे दोन संघ अगदी खांद्याला खांदा लावून धावत असतील तर आपसातला सामना निर्णायक ठरतो. पण ते खांद्याला खांदा लावून धावणार आहेत की नाहीत, हे उरलेले ३६ सामने ठरवतात.

म्हणून पहिली सवय लावून घ्या. "वर कोण" हे लिहायचं नाही. दोन्ही संघांचे अपेक्षित गुण लिहायचे. क्रम त्यातून आपोआप निघतो, आणि शिवाय दोघांत अंतर किती हेही दिसतं. नुसता क्रम लिहिलात तर ते अंतर हरवतं आणि तुमचा सगळा गोंधळ तिथेच होतो.

गुण काढायला मी गोलफरकापासून, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करून, सुरुवात करतो. त्यामागचं कारण साधं आहे. १–० ने जिंकलेले सामने आणि नव्वदाव्या मिनिटाला मारलेले गोल पुढच्या वर्षी तसेच्या तसे परत येत नाहीत. हंगामभर केलेले आणि खाल्लेले गोल मात्र संघाची ताकद बऱ्यापैकी दाखवतात. आता थोडी आकडेमोड. लीगमध्ये एकूण ३८० सामने होतात. निकाली सामन्यात तीन गुण वाटले जातात, बरोबरीत दोन. साधारण चौथाई सामने बरोबरीत सुटले असं धरलं तर सगळे मिळून १०४५ गुण होतात, म्हणजे संघामागे ५२. हा झाला मधला संघ. त्यावर गोलफरकाच्या प्रत्येक गोलामागे ०.६५ गुण मिळवायचे किंवा वजा करायचे. हे माझं ढोबळ सूत्र. २०१८-१९ चं सिटी: गोलफरक +७२, सूत्राने ९९, प्रत्यक्षात ९८. २०२२-२३ चं एव्हर्टन: −२३, सूत्राने ३७, प्रत्यक्षात ३६. इतकं नेमकं दरवेळी बसत नाही, आणि जिथे बसत नाही तिथेच खरी माहिती दडलेली असते.

उदाहरणार्थ २०११-१२ चं न्यूकॅसल. पाचवा क्रमांक, ६५ गुण, सगळे खूश. पण गोलफरक फक्त +५. सूत्राने त्यांचे ५५ च होतात. पुढच्या हंगामात ते ४१ गुणांवर सोळाव्या क्रमांकावर आले. युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचे जादा सामने होते, दुखापती होत्या, हे खरंच आहे. पण पाचव्या क्रमांकाचा संघ असा कोसळला म्हणून ज्यांना धक्का बसला, त्यांनी आदल्या वर्षीचा गोलफरक पाहिलाच नव्हता.

आता तुमच्या दुखण्याकडे येऊ. तुम्ही ज्या वर्षी बरोबर आलात ते २०२२-२३. युनायटेड ७५ गुणांनी तिसरं, लिव्हरपूल ६७ गुणांनी पाचवं. माझा अंदाज आहे की त्या मे महिन्यात तुम्हाला वाटलं, आता बाजी पलटली. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये तुम्ही आधीपेक्षा जास्त खात्रीने युनायटेड लिहिलंत. तसं असेल तर ते एक बरोबर आलेलं वर्षच तुम्हाला महाग पडलं. त्या वर्षी युनायटेडचा गोलफरक +१५ होता आणि लिव्हरपूलचा +२८. सूत्राने युनायटेड ६२, लिव्हरपूल ७०. ७५ गुण मिळवणाऱ्या संघाची बेरीज ६२ ची निघतेय, तर पुढच्या वर्षासाठी ७५ धरून चालणं धोक्याचं.

इथे तुम्ही मला अडवाल आणि ते रास्तच आहे. म्हणाल, "लिव्हरपूलच्या मैदानावर, ॲनफिल्डवर, आम्ही ७–० ने हरलो. एका दुपारीच हा सगळा फरक पडला." बरोबर. लिव्हरपूलने त्याच हंगामात बोर्नमथलाही ९–० ने हरवलं होतं. हे दोन निकाल मिळून सोळा गोल होतात, म्हणजे उरलेल्या ३६ सामन्यांत लिव्हरपूल फक्त +१२. अशा निकालांनी आकडा फुगतो. संघ चार गोलांनी पुढे गेला की पुढचे गोल ताकदीबद्दल फारसं काही सांगत नाहीत. समोरचा संघ मनाने केव्हाच मैदान सोडून गेलेला असतो. म्हणून मी कुठल्याही सामन्याचा फरक चारवर छाटतो. तसं केलं की लिव्हरपूल साधारण +१९ आणि युनायटेड +१८. सूत्राने दोघंही ६४ च्या आसपास. एकाच हंगामावर भरवसा ठेवला असता तर मी म्हणालो असतो, नाणं उडवा.

पण एका हंगामावर थांबायचं नसतं. त्याच्या आधीच्या, २०२१-२२ च्या हंगामात लिव्हरपूलचे ९२ गुण होते आणि गोलफरक +६८. युनायटेडचे ५८ गुण आणि गोलफरक शून्य. तीच छाटणी आणि तेच सूत्र लावलं तर लिव्हरपूल साधारण ९४, युनायटेड ५३. मी ताज्या हंगामाला ६० टक्के आणि आधीच्याला ४० टक्के वजन देतो. हे प्रमाण काही आकाशातून पडलेलं नाही. माझ्या वहीत याने बरं काम केलं म्हणून ठेवलं. कोणी ७०-३० धरलं तरी माझं भांडण नाही. या हिशेबाने २०२३-२४ साठी युनायटेड ६० आणि लिव्हरपूल ७६ असे आकडे येतात. प्रत्यक्षात युनायटेड ६० गुणांनी आठवं आलं आणि लिव्हरपूल ८२ गुणांनी तिसरं. युनायटेडचा आकडा तंतोतंत बसला हा योगायोग, त्याचं मला अप्रूप नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते सोळा गुणांचं अंतर. ते ऑगस्टमध्येच दिसत होतं, आणि दिसायला एकाही खेळाडूचं नाव माहीत असायची गरज नव्हती.

हातात अपेक्षित गोलांचे आकडे असतील तर गोलफरकाऐवजी ते घ्या. प्रत्येक फटक्यातून गोल व्हायची शक्यता किती होती याची ती बेरीज असते. पेनल्टी शंभरात पंचाहत्तर-ऐंशी वेळा आत जाते, तीस यार्डांवरून मारलेला चेंडू क्वचित. दोन हंगामांचा गोलफरक आणि हे आकडे सहसा एकच गोष्ट सांगतात. जिथे ते वेगळं बोलतात तिथे मी सावध होतो आणि अंदाज मध्यावर ठेवतो.

आता नशीब. हा भाग लोक वाचत नाहीत, आणि माझ्या मते यातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे.

समजा एक चांगला संघ आहे. दर सामन्यात तो जिंकायची शक्यता निम्मी, बरोबरीची पाव, हरण्याची पाव. देवानेच येऊन सांगितलं की हीच त्याची ताकद आणि वर्षभर ती बदलणार नाही. ३८ सामन्यांत त्याचे सरासरी साडेसहासष्ट गुण होतील. पण हाच हंगाम पुन्हा पुन्हा खेळवला तर आकडा सरासरीभोवती साधारण आठ गुणांनी हलतो. तीनपैकी दोन हंगामांत तो ५८ ते ७५ च्या मध्ये कुठेही असेल, तिसऱ्यात त्याच्याही बाहेर. संघ तोच, ताकद तीच. आता युनायटेडचे लागोपाठचे तीन आकडे बघा: ५८, ७५, ६०. ते सगळं नशीब होतं असं मी म्हणत नाही. कोच बदलला, खेळाडू बदलले. पण मधल्या ७५ चं कारण शोधताना आपण जेवढी पानं खरडतो, त्यातली बरीच या आठ गुणांच्या हेलकाव्याला उद्देशून असतात.

दोन संघांचे दोन हेलकावे एकत्र आले की अंतराचा हेलकावा साधारण अकरा गुणांचा होतो. शिवाय खरी ताकद तर आपल्याला ठाऊक नसते. माझा अंदाज प्रत्येक संघाबाबत पाच-सहा गुणांनी चुकू शकतो. ते धरलं की एकूण हेलकावा चौदा गुणांवर जातो. हा चौदाचा आकडा लक्षात ठेवा. तुमच्या हिशेबात अ हा ब पेक्षा पाच गुणांनी पुढे असेल, तर अ वर राहायची शक्यता फक्त ६४ टक्के. दहा गुणांनी पुढे असेल तर ७६. पंधरा असेल तर ८६, वीस असेल तर ९२. म्हणजे "आमचा संघ थोडा सरस आहे" या वाक्याची किंमत तीनात दोनदा बरोबर, एकदा चूक. २०२३ च्या ऑगस्टमधलं सोळा गुणांचं अंतर म्हणजे आठांत सातदा लिव्हरपूल.

आठातली ती एकदा येते तेव्हा काय होतं, तेही सांगतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये हाच हिशेब केला तर सिटी लिव्हरपूलच्या सोळा-सतरा गुण पुढे निघत होतं. सिटीने लागोपाठ चार वेळा लीग जिंकली होती आणि लिव्हरपूलचा युर्गन क्लॉप नुकताच निघून गेला होता. कोच बदलल्यामुळे खात्री थोडी कमी धरून मी वहीत "सिटी वर, सहात पाचदा" असं लिहिलं. झालं उलट. लिव्हरपूल आर्ने स्लॉटच्या हाताखाली ८४ गुणांनी विजेतं, सिटी ७१ गुणांनी तिसरं. सप्टेंबरमध्येच सिटीच्या बचावापुढे खेळणाऱ्या रोद्रीचा गुडघा गेला, आणि त्याच्या जागी उभं करायला सिटीकडे त्याच्यासारखा माणूस नव्हता. मी त्या अंदाजाला चूक म्हणत नाही. सहात पाच म्हणजे सहावं वर्ष कधी ना कधी येणारच. "सिटी, प्रश्नच नाही" असं लिहिलं असतं तर मात्र ती चूक ठरली असती.

आकड्यांवर हाताने किती फेरफार करायचा, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. इथे तुमच्या सामने बघण्याचा उपयोग होतो. पण फेरफाराला लगाम हवा. सगळं मिळून एका संघाला चार गुणांपेक्षा जास्त चढवायचं किंवा उतरवायचं नाही, असा माझा नियम आहे. त्यापलीकडे हात गेला की समजावं, आता आपल्यातला चाहता लिहितोय.

सर्वांत आधी मी युरोपचं वेळापत्रक बघतो. मंगळवार-बुधवारी परदेशात खेळून आलेला संघ शनिवारी तेवढा ताजा नसतो. २०१३-१४ मध्ये लिव्हरपूलला युरोपात सामने नव्हते; ते ६१ गुणांवरून ८४ वर गेले आणि दुसरे आले. २०१६-१७ मध्ये चेल्सीला नव्हते. आदल्या वर्षी ५० गुणांनी दहावं आलेलं चेल्सी ९३ गुणांनी विजेतं झालं. अर्थात त्या ५० मध्ये दुर्दैवही भरपूर होतं, कारण त्याच्याही आधी ते ८७ गुणांनी विजेते होते. युरोप नसण्याचे मी दोन-तीन गुण देतो, पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगमध्ये जाणाऱ्या संघाचे तेवढेच कापतो.

कोच बदलला तर मी सहसा गुण न बदलता खात्री कमी करतो, म्हणजे चौदाऐवजी सोळा-सतरा धरतो. २०१३ मध्ये ॲलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले आणि ८९ गुणांचं विजेतं युनायटेड पुढच्या वर्षी ६४ गुणांनी सातवं आलं. २०२४ मध्ये क्लॉप गेला आणि लिव्हरपूल दोन गुणांनी सुधारलं. दोन्ही वेळा थोर माणूसच गेला होता. कोच गेला की दिशा कळत नाही, धुकं तेवढं वाढतं.

दुखापतीबद्दल माझं मत जरा कडक आहे. पुढच्या फळीतला प्रसिद्ध खेळाडू जायबंदी झाला की आपण हादरतो, पण मोठ्या क्लबात त्याच्या जागी दुसरा असतो. गोलरक्षक, मधला मुख्य बचावपटू आणि बचावाच्या पुढे उभा राहणारा मधल्या फळीतला खेळाडू, या तीन जागा मला जास्त घाबरवतात. २०२०-२१ मध्ये मधला बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक ऑक्टोबरमध्ये जायबंदी झाला आणि लिव्हरपूल ९९ वरून ६९ वर आलं. रोद्रीचं वर सांगितलंच.

आणि एक गोष्ट हिशेबात बसतच नाही: संघाचं लक्ष लीगवरून उडणं. २०२४-२५ मध्ये टॉटनहॅम ३८ गुणांनी सतरावं आणि युनायटेड ४२ गुणांनी पंधरावं आलं, आणि हेच दोन संघ स्पेनमधल्या बिल्बाओमध्ये युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात समोरासमोर होते. वसंतात दोघांनीही लीग जवळजवळ सोडून दिली होती. असं होणार हे ऑगस्टमध्ये कोणालाच दिसत नाही. गुणकपातही तशीच. २०२३-२४ मध्ये एव्हर्टनचे आर्थिक नियम मोडल्याबद्दल दोन हप्त्यांत मिळून आठ गुण गेले. अशा गोष्टींसाठीच तर चौदाचा हेलकावा ठेवायचा.

लीगचा नियमही बघून घ्या. प्रीमियर लीगमध्ये गुण समान झाले की आधी गोलफरक मोजतात. २०११-१२ मध्ये सिटी आणि युनायटेड दोघांचे ८९ गुण होते. सिटी +६४, युनायटेड +५६. अंतर आठचं, आणि त्या ऑक्टोबरमध्ये युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर सिटीने युनायटेडला ६–१ ने हरवलेला एकच सामना या अंतरात दहाचा फरक पाडून गेला होता. स्पेनमध्ये मात्र आधी आपसातले सामने मोजतात. २००६-०७ मध्ये रिआल माद्रिद आणि बार्सिलोना ७६ गुणांवर होते, बार्सिलोनाचा गोलफरक बराच सरस होता, तरी विजेतेपद माद्रिदला गेलं.

आपल्याकडच्या इंडियन सुपर लीगसाठी ही पद्धत वापरणार असाल तर एक सावधगिरी. तिथे सामने कमी. २०२३-२४ मध्ये संघामागे २२ होते. नशिबाचा वाटा वाढतो आणि आपसातल्या दोन सामन्यांचं वजनही वाढतं. तिथे ते अकरांत एक, प्रीमियर लीगमध्ये एकोणीसांत एक. त्याच हंगामात मोहन बागान ४८ आणि मुंबई सिटी ४७ असा शेवट झाला, आणि साखळीतल्या शेवटच्या सामन्यात कोलकात्यात बागानने मुंबईला २–१ ने हरवून साखळीतल्या पहिल्या क्रमांकाची शिल्ड नेली. मुंबईला त्या दिवशी बरोबरीही पुरली असती. तिथे सहा गुणांच्या अंतरावर मी फार मोठा शब्द देणार नाही.

मनाच्या ओढीचं काय करायचं, हा तुमच्या प्रश्नातला न विचारलेला भाग. मी स्वतः आर्सेनलचा आहे. माझा उपाय असा: मी टॉटनहॅमचं पान आधी लिहितो. त्यांच्या बाजूने जाणाऱ्या तीन गोष्टी लिहिल्याशिवाय आर्सेनलच्या पानाला हात लावत नाही. आणि जो फेरफार एका संघाला केला तोच निकष दुसऱ्यालाही लावतो. "नवा बचावपटू आला, +२" असं आपल्याकडे लिहिलं तर त्यांच्याकडे आलेल्या बचावपटूलाही +२ द्यावे लागतात. हे करताना मनाला टोचतं. टोचत नसेल तर आपण प्रामाणिकपणे करत नाही आहोत, असं मी समजतो.

हंगाम सुरू झाल्यावर घाई करू नका. दहा सामने झाले की मिळालेले गुण घ्या, आणि उरलेल्या २८ सामन्यांसाठी ऑगस्टचाच वेग थोडा ताज्या कामगिरीकडे झुकवून धरा. मी दोन-तृतीयांश ऑगस्टचा अंदाज आणि एक-तृतीयांश नवी कामगिरी धरतो. त्या दहांत घरचे किती, बलाढ्य संघांशी किती, हेही पाहतो. २०२२-२३ मध्ये आर्सेनल २४८ दिवस पहिल्या स्थानावर होतं आणि शेवटी सिटी ८९, आर्सेनल ८४. ते दिवस मी रोज टेबल उघडून बघत काढले. वहीतला आकडा मात्र एप्रिलपर्यंत सिटीच्याच बाजूने होता, आणि तो खोडायचा मोह मी आवरला.

शेवटी तुमच्या पैजेबद्दल. तिची मांडणी बदला, असं मी सुचवेन. या ऑगस्टला दोघांनी नाव न लिहिता शक्यता लिहा. तुम्ही "युनायटेड वर, ४० टक्के" लिहा, मेहुणा त्याला वाटेल ते लिहील. मे महिन्यात युनायटेड वर आलं तर निकाल १, नाही तर ०. तुमचा आकडा आणि निकाल यांच्यातल्या फरकाचा वर्ग करा. ज्याचा वर्ग लहान तो जिंकला. ७० टक्के म्हणून बरोबर आलात तर ०.०९, चुकलात तर ०.४९. "५०-५०" म्हणणाऱ्याला नेहमी ०.२५. शंभर टक्के खात्री दाखवून चुकलात तर पूर्ण १. एकाच वर्षात यातून फारसं कळणार नाही, म्हणून फक्त या दोन क्लबांवर थांबू नका. आर्सेनल-टॉटनहॅम, एव्हर्टन-लिव्हरपूल, सिटी-युनायटेड, न्यूकॅसल-संडरलँड एकाच लीगमध्ये असतील तेव्हा ती, अशा सात-आठ जोड्या घ्या. ज्यांच्याशी तुमचं मन गुंतलेलं नाही अशा जोड्यांवर तुमचे वर्ग लहान आणि युनायटेडवर मोठे निघाले, तर चुकतं कुठे याचं उत्तर तुमच्याच वहीत असेल.

आणि युनायटेडसाठी हिशेब करताना २०२४-२५ चे ४२ गुण जसेच्या तसे पुढे नेऊ नका. त्यांचा गोलफरक त्या वर्षी −१० होता, सूत्राने ४५-४६ होतात, आणि त्यातही शेवटचे काही आठवडे त्यांचं लक्ष बिल्बाओकडे होतं. ७५ गुण फसवे होते तसेच हे ४२ ही थोडे फसवे आहेत, दुसऱ्या बाजूने.